कोर्टातला पुकारा

अचलपूरच्या जुन्या कोर्टाला नुकताच चुना मारलाय. त्या ओल्या वासाने माझी पहिली केस आठवली. त्या सकाळीही भिंती अशाच ओल्या होत्या. माझे बाबा तिथे पट्टेवाले. व्हरांड्यातून ते पक्षकारांचा पुकारा करत, तो पार रस्त्यापलीकडच्या कडुनिंबाखाली ऐकू जाई. वकिलांचं नाव पुकारायची रीतच नव्हती. त्या दिवशी मात्र पक्षकारांमागोमाग त्यांनी माझंही नाव पुकारलं, पुढे ‘वकील’ जोडून. न्यायाधीशांनी विचारलं, "हे काय नवीन?" बाबा म्हणाले, "साहेब, जनमभर दुसऱ्याच्या लेकरायले बलावलं. आज माया पोरीले बलावलं." साहेबांनी हसू दाबत फाईल उघडली. आता नव्या इमारतीत पडद्यावर नंबर येतो. पण आमच्या कोर्टात पुकारा होऊन आत गेलेली वकील मी एकटीच.