कुंकवाखालचा नंबर

किस्से आपण गोळा करत नाही राव, ते साचतात! एक हट्टी मालक आणि एक बिघडणारं मशीन एका खोलीत ठेवा, बघा कसे साचतात ते. बीडच्या आमच्या फोटो-व्हिडिओ लॅबमध्ये दोन्ही आहेत. मालक गंगाधरअण्णा, आणि मशीन म्हणजे लग्नांची शूटिंग साठवणारा लिनक्स सर्व्हर. तो मी सांभाळतो. एडिटिंग शकीलभाई करतात.

हसायचं तेवढं हसा, पण आश्राबाईला लक्षात ठेवा. बीडजवळच्या पालीची बाई, ऊसतोडीला जाणारी. उन्हाळ्यात तिच्या पोरीचं लग्न आम्ही शूट केलं. एडिटिंग रेंगाळलं. दिवाळीआधी टोळी कारखान्यावर गेली आणि तिकडं उसाच्या ट्रॉलीखाली तिचा नवरा सापडला, जागेवर गेला. त्याचा फोटो म्हणाल तर आधार कार्डावरचा. आवाज मात्र फक्त आमच्याकडं. पोरगी सासरी निघताना तो तिच्याशी चार शब्द बोलला होता, ते शूटिंगमध्ये होतं.

बाई दर आठवडी बाजाराला दारात यायची. "पिक्चर न्हाई झाला तर ऱ्हाऊ द्या. निस्ता त्येंचा आवाज द्या."

"पुढच्या बाजारी नक्की, मौसी!" शकीलभाई म्हणायचे. मीही मान हलवायचो. दहा मिनिटांचं काम होतं. लग्नसराई होती, म्हणून केलं नाही. आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

*

सर्व्हर बसवला तेव्हा अण्णांना RAID समजावून सांगत होतो. दोन डिस्क. जे एकीवर लिहिलं जातं तेच त्याच वेळी दुसरीवर.

"एकच गोष्ट दोनदा कावून?"

"एक डिस्क गेली तरी दुसरीवर सगळं राहतं, अण्णा."

अण्णांनी विचार केला. "म्हंजी नवरा-बायको! एक गेलं की दुसऱ्यानं संसार वढायचा."

इतकं सोपं मला कॉलेजात कुणी सांगितलं नव्हतं!

*

डिस्क गेली की सर्व्हर मेल पाठवतो. मेल अण्णांच्या नावावर लावला होता, मालक म्हणून मान! एकदा सहज बघितलं तर एक डिस्क दोन महिन्यांपासून बंद. दोन महिने सगळ्या बीडची लग्नं एका डिस्कच्या जिवावर!

"अण्णा, मेल आले नाहीत का?"

"आले की. रोज यायलेत. इंग्रजीत हायेत, मला वाटलं विमावाले."

"मग केलं काय?"

"रोजच्या रोज डिलीट केले. एक बी पेंडिंग न्हाई!"

*

त्या वेळी नवी डिस्क बसवली. जुनीवरचं सगळं नवीवर उतरायला दिवस लागतो आणि स्क्रीनवर टक्के दिसत राहतात. निकालाचा दिवस असल्यासारखे सगळे येऊन विचारायचे, "किती झालं?" दुपारी त्र्याण्णव टक्क्यांवर मी जेवायला गेलतो. परत येतो तर स्क्रीन काळी! अण्णांनी पाण्याची मोटर लावायला प्लग काढला होता.

मी डोक्याला हात लावून बसलो. "पुन्हा पहिल्यापासून, अण्णा!"

"कावून? शंभरातले त्र्याण्णव म्हंजी डिस्टिंक्शन हाय बे!"

*

ती मेलेली डिस्क मी भंगारात टाकली. अण्णांनी बाहेर काढली आणि मला जे झापलं! "पूजा झालेल्या मशीनमधली वस्तू हाय. भंगारात घालतो का?"

झालं! मोटरसायकल काढली, नारळ घेतला आणि पालीच्या तळ्यावर गेले. पायऱ्यांपाशी नारळ फोडून डिस्क पाण्यात सोडली. देव्हाऱ्यातली भंगलेली मूर्ती सोडतात ना, तसं.

शकीलभाई किंचाळलेच. "अरे अण्णा, उसमें सरपंच की बेटी की शादी थी!"

"लगन दुसऱ्या डिस्कवर हाय. ह्यो गेलेला जोडीदार."

तेव्हापासून लॅबचा नियमच झाला. डिस्क मेली की त्याच दिवशी पालीला.

*

खंडेनवमीला कॅमेरे, ट्रायपॉड, ड्रोन सगळं पाटावर मांडतो. मागच्या वेळी अण्णा म्हणाले, सर्व्हरच्या डिस्कबी काढ, खरी लक्ष्मी त्यांच्यात हाय. मी सर्व्हर बंद करून काढल्या. अण्णांनी ओलं हळदकुंकू बोटांनी थेट लेबलवर लावलं. लेबलवरच डिस्कचा नंबर असतो, तो पार झाकला!

"अण्णा, नंबर दिसायचा नाही."

"देवाच्या कपाळावर नंबर वाचतो का बे? आता येत्या दसऱ्यापर्यंत पुसायचं न्हाई."

आरती झाल्यावर त्यांनी स्वतःच्या हातानं डिस्क परत बसवल्या. सर्व्हर सुरळीत चालू झाला. डिस्क कुठल्याही खाचेत बसवा, तो आतली ओळख वाचून घेतो. मी मात्र माझ्या वहीवर चालतो. वहीत पूजेच्या आधी लिहिलेलं होतं, कुठला नंबर कुठल्या खाचेत.

*

उन्हाळ्याच्या तोंडावर सर्व्हरनं इशारा दिला, एक डिस्क खराब होत चाललीय. नंबरही दिला. मी अण्णांना म्हणालो, कुंकू पुसून बघतो.

"हात लावू नको!"

मला तेव्हा भांडता आलं असतं. नाही भांडलो. वही बघितली, वहीतल्या खाचेतली डिस्क काढली, नवी बसवली, आत राहिलेल्या डिस्कवरचं सगळं तिच्यावर उतरवायला लावलं. काढलेली डिस्क घेऊन अण्णा नियमाप्रमाणं पालीला जाऊन आले.

एक्केचाळीस टक्क्यांवर सगळं थांबलं. आत राहिलेल्या डिस्कमधून टकटक आवाज यायला लागला आणि थोड्या वेळानं तोही बंद झाला. नवीवर अर्धवट उतरलेलं काही उघडेना. मी ती बाहेर काढली आणि कुणाला न विचारता शर्टाच्या बाहीनं कुंकू पुसलं. सर्व्हरनं दिलेला खराब नंबर तोच होता. पूजेनंतर बसवताना अण्णांच्या हातून खाचांची अदलाबदल झाली होती.

चांगली डिस्क पाण्यात होती.

अण्णा तसेच पालीला पळाले. दोन माणसं तळ्यात उतरवली. गाळाशिवाय काही हाती आलं नाही.

बाजाराच्या दिवशी आश्राबाई आली. शकीलभाई आतल्या खोलीत निघून गेले. मीच सांगितलं सगळं. कुंकू, वही, तळं, माझी चूक. टेबलावरची मेलेली डिस्क बाईनं उचलून बघितली आणि होती तिथं ठेवली.

"कोन्या अंगानं सोडली?"

"पायऱ्यांपाशी," अण्णा म्हणाले.

"त्येंची राख बी तितंच सोडली व्हती आमी."

बाजाराची पिशवी उचलून ती निघाली. उंबऱ्यात थांबली आणि मागं वळली.

"नारळ फोडला व्हता ना, अण्णा?"