आजोबा डाव्या कुशीवर कसे झोपले

व्हिडिओ कॉलवर आजोबांच्या नाकावरचा मुखवटा पाहून तुम्ही त्याला हत्तीची सोंड म्हणालात. त्या सोंडेची हकिकत क्रमाने सांगते. क्रम सोडून मला सांगता येत नाही, आणि हसू आवरून सांगणं तर त्याहून अवघड.

चांदूर रेल्वेच्या फाटकाशी आमची गाडी थांबली होती. मालगाडी गेली, फाटक उघडलं, मागचे हॉर्न कोकलू लागले, आणि तुमचे आजोबा स्टिअरिंगवर हनुवटी टेकून घोरत होते. अमरावतीपर्यंत मी त्यांना चिमटे काढत आणलं आणि गाडीची किल्ली माझ्या कपाटात टाकली. गाडी म्हणजे त्यांचा जीव. आठवडाभर ते त्या कपाटाशीच बोलत होते.

मग एसटीने अकोल्याला गेलो. डॉक्टरीणबाईंनी घसा पाहिला, टेपने मानेचा घेर मोजला, दिवसा कुठे डोळा लागतो ते विचारलं. कुठेच नाही, असं आजोबांनी सांगितलं. न्हाव्याच्या खुर्चीत आणि व्याह्यांशी बोलताना, असं मी सांगितलं. झोपेत श्वास अडकत असावा, असा बाईंना संशय आला. पण घोरणाऱ्या प्रत्येकाला हा आजार नसतो, म्हणून तपासणी हवी. त्यांनी एक छोटं यंत्र दिलं. छातीला पट्टा, बोटाला चिमटा, नाकाशी नळी, आणि हे सगळं लावून रात्रभर झोपायचं. आजार निघाला, तर उपचार लागू पडेपर्यंत गाडीला हात लावायचा नाही.

मुक्काम बार्शीटाकळीला, आजोबांच्या धाकट्या भावाकडे. हे धाकटे आजोबा शेतकरी, तुरीच्या काडीसारखे बारीक. त्यांचं घोरणं कुणी कधी ऐकलेलं नाही. दोघे भाऊ गच्चीवर झोपले, मी आणि जाऊबाई खाली. सकाळी आजोबा शीळ घालत उतरले. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

धाकट्या आजोबांना सोबत घेऊन यंत्र परत दिलं आणि रिपोर्टसाठी बसलो. डॉक्टरीणबाई गंभीर झाल्या. श्वास पुन्हा पुन्हा थांबतोय, ऑक्सिजन खाली उतरतोय, असं म्हणाल्या. आजोबांचा चेहरा पडला.

"त्यातल्या त्यात बरं, तुम्ही रात्रभर डाव्या कुशीवर होतात," त्या म्हणाल्या. "उताणे असतात तर आणखी बिघडलं असतं."

झोपणारा कोणत्या अंगावर आहे, हेही ते यंत्र टिपतं. लग्न झाल्यापासून हा माणूस उताणाच झोपतो, अंगणात पापड वाळत घातल्यासारखा. मी आजोबांकडे पाहिलं. ते पंख्याकडे पाहत होते, धाकटे आजोबा स्वतःच्या चपलांकडे.

"यंत्र कुणी लावलं होतं?" मी विचारलं.

"वहिनी, दादा म्हणला, तू लाव," धाकटे आजोबा म्हणाले. "मोठ्या भावाले नाही कसं म्हणू?"

त्या घरात मोठ्याचा शब्द धाकट्याने कधी मोडलेला नाही. बारीक भाऊ पास होईल आणि किल्ली परत मिळेल, असा आजोबांचा बेत होता. बाईंनी चष्मा काढून आधी डोळे पुसले, इतक्या हसल्या. मग धाकट्या आजोबांना समजावलं की हा आजार बारीक माणसालाही होतो, आणि आवाज न करताही. ते बिचारे सकाळी थकून उठायचे आणि दोष पेरणीला द्यायचे.

"दादा, तुनं लबाडी केली म्हून माहा आजार सापडला," ते म्हणाले. आजोबांनी लगेच उपकारकर्त्याचा चेहरा केला.

यंत्र पुन्हा घेऊन आलो. त्या रात्री आजोबांना पट्टा मी स्वतः बांधला आणि पहाऱ्याला जाऊबाईंना जिन्यात बसवलं. आजोबांचा रिपोर्ट भावाहून वाईट निघाला.

"पाहा, मोठा मीच," ते म्हणाले.

आता दोघांना दोन सोंडा आहेत, झोपेत नाकात हवा ढकलून श्वास चालू ठेवणाऱ्या. दोघांचाही दिवसा डोळा लागेनासा झालाय, पण बाईंनी अजून गाडीची परवानगी दिलेली नाही. म्हणून किल्ली मी जाऊबाईंना दिली. त्यांचा हात ट्रॅक्टरवर तयार झालेला, त्यामुळे समोरचे आपोआप बाजूला होतात. दोघे भाऊ मागच्या सीटवर, टक्क जागे, गियर कधी बदलायचा ते एकाच वेळी ओरडून सांगतात, आणि जाऊबाई दोघांचंही ऐकत नाहीत.