ग्यानोबानं काशीला काय सोडलं

मुखेडच्या एसटी स्टँडच्या मागं, बाजाराकडं वळायच्या बोळात ग्यानोबाचं गॅरेज आहे. गॅरेज म्हणजे काय, चार पत्रे, एक लिंबाचं झाड आणि झाडाखाली पोट फाडून उभ्या केलेल्या दहा-बारा मोटारसायकली. वय पंचेचाळीस. सहा एकर कोरडवाहू आहे, ती भाऊ बघतो. हा बारावीनंतर पाना हातात घेऊन बसला तो आजतागायत. बोलणं कमी. लांबून एखादी गाडी येताना ऐकली की मान वर न करता सांगणार, हिची चेन ढिली होऊन राहिली. असा हातचा गुणी माणूस, पण एक खोड वाईट होती. शाळेतल्या दोन दोस्तांचं नाव काढलं की ह्याचं डोकं चालायचं बंद व्हायचं.

दोस्त कोण, तर एक श्रीपाद, नांदेडला दातांचा डॉक्टर. दुसरा पंचाक्षरी, लातूरला केमिस्ट्रीचे क्लास घेतो. चौकाचौकात हाताची घडी घातलेला त्याचा फोटो लावलेला असतो. तिघं मुखेडच्या शाळेत एका बाकावर बसायचे. श्रीपादची आई, लताकाकू, तिथंच मराठीच्या बाई होत्या. मधल्या सुट्टीत त्या तिघांना एकाच डब्यातून खाऊ घालायच्या. दहावीच्या सुट्टीत ग्यानोबानं बापाची राजदूत न विचारता काढली, तिघं ट्रिपल सीट मुदखेडला गेले आणि जंक्शनवर दिवसभर गाड्या बघत बसले. उत्तरेकडं जाणारी एक गाडी निघून गेल्यावर तिघांनी ठरवलं, एक दिवस तीन मोटारसायकलींवर काशीला जायचं. असलं पोरं शंभरदा ठरवतात आणि घरी येईपर्यंत विसरतात. श्रीपाद-पंचाक्षरी विसरले. ग्यानोबा विसरला नाही. उमरीच्या भंगारवाल्याकडून त्यानं एक सडकी बुलेट उचलली, आणि गिऱ्हाइकांची कामं सांभाळून चार वर्षांत ती उभी केली. कशाला, तर काशीला जायला.

मागच्या दिवाळीत त्या दोघांनी साडेचारशे सीसीच्या नव्या कोऱ्या गाड्या घेतल्या. मग श्रीपादचा फोन आला, ग्यान्या, निघायचं का काशीला? त्या दिवशी आनंदानं ह्या बहाद्दराला जेवण गेलं नाही. बायको उज्वला एवढंच म्हणाली की आतापर्यंत नव्हती आली ती आठवण गाड्या घेतल्यावरच कशी आली. तर हा तिच्यावर दोन दिवस फुगून बसला. बाई शंभर टक्के बरोबर बोलली होती, पण बायकोचं बरोबर बोलणं ऐकायला आपल्याकडं कान असतात कुणाला.

जानेवारीत नांदेडहून निघाले. नव्या गाड्यांच्या क्लचच्या केबली, फिल्टर, ऑइलचे डबे, हवेचा पंप, सगळं ग्यानोबानं आपणहून मागवून बुलेटच्या दोन्ही बाजूंनी लादलं होतं. दोस्तांची अडचण व्हायला नको. वर श्रीपादची कपड्यांची बॅगही त्याच्याच गाडीवर आली, कारण म्हणे बुलेट भक्कम असते. पुढं श्रीपाद, मधे पंचाक्षरी, शेवटी हा. काही निसटून पडलं तर उचलायला शेवटी कुणीतरी लागतंच, असं पंचाक्षरीनं समजावून सांगितलं आणि ह्याला ते पटलं.

शेवटी राहायचं म्हणजे काय असतं ते ऐका. पंचाक्षरीच्या गालात दिवसभर तंबाखूची पुडी. ऐंशीच्या वेगात तो हेल्मेटची काच वर करायचा, मान वळवायचा आणि थुंकायचा. ते वाऱ्यावर मागं येऊन ग्यानोबाच्या काचेवर पसरायचं. नागपूरपर्यंत दोनदा, जबलपूरपर्यंत तीनदा. ग्यानोबा बाजूला थांबायचा, पाणी मारून काच पुसायचा आणि पुन्हा पळवत दोघांना गाठायचा. दोस्ताला थुंकू नको म्हणणं त्याला बरं वाटेना. मला विचाराल तर पहिल्याच थुंकीला गाडी आडवी घालायला पाहिजे होती.

रीवा मागं पडलं, सोहागीचा घाट उतरला आणि जमीन सपाट झाली. अशी सपाट की डोळा कुठं अडखळतच नाही. आपल्याकडं मुखेड सोडलं तरी चार मैलांवर एखादा माळ, एखादा दगडाचा ढीग असतोच. इथं मोहरीचं पिवळं शेत संपलं की पुन्हा मोहरीचं पिवळं शेत. मातीत खडा म्हणून नाही. ग्यानोबानं गाडी थांबवून मूठभर माती उचलून बघितली, भावाला दाखवायला पुडीत बांधली. त्याला ते फार आवडलं. त्याला वाटलं तिघांनी जरा इथं बसावं, मुदखेडला बसलो होतो तसं. पण श्रीपादला व्हिडिओ पाहिजे होता. त्यानं ग्यानोबाच्या हातात मोबाईल दिला, दोघं दोन किलोमीटर मागं गेले आणि हात सोडून, मान हलवत पुन्हा आले. पहिल्यांदा ट्रक मधे आला म्हणून पुन्हा. दुसऱ्यांदा पंचाक्षरीचा गॉगल तिरपा म्हणून पुन्हा. त्या सगळ्या सफरीत ग्यानोबाचा फोटो एकही नाही. फोटो काढणारा तोच होता.

आणि रोज सकाळी एकच वाक्य, "ग्यान्या, जरा बघ रे." हे दोघं नऊपर्यंत लोळायचे. ग्यानोबा उजाडायच्या आत गाड्यांपाशी. चेनला तेल, चाकात हवा, रात्रभराच्या दवानं भिजलेल्या सीटा कोरड्या करायच्या. त्याला वाटायचं, तीन गाड्या आपल्या, तीन दोस्त आपले, मग कुणी केलं म्हणून काय. आतून तो खूश होता हो. हीच तर चीड येण्यासारखी गोष्ट आहे.

प्रयाग सोडलं त्या दिवशी सकाळी दहा वाजले तरी धुकं हटलं नव्हतं. हंडियाच्या अलीकडं पंचाक्षरीच्या गाडीची क्लच केबल तुटली. चहाची टपरी समोरच होती, दोघं तिकडं गेले. ग्यानोबानं गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, पोतं अंथरलं आणि हँडलपासून खाली इंजिनपर्यंत केबल ओवायला आडवा झाला. त्या कडेला सकाळी गावातली माणसं परसाकडला बसून गेली होती. धुक्यात दिसलं नाही. इंजिनाखाली हात घालताना कोपर पोत्याबाहेर गेलं आणि बाही त्यात बरबटली. तो तसाच पडून राहिला, कारण केबल अर्धी ओवली होती. सोडली असती तर पुन्हा पहिल्यापासून.

तेवढ्यात टपरीशी इंदूरकडच्या मोटारसायकलवाल्यांचा एक घोळका थांबला. त्यातल्या एकानं ग्यानोबाकडं बोट दाखवून विचारलं की तुम्ही मिस्त्री सोबत घेऊन फिरता की काय.

"हाँ," श्रीपाद म्हणाला, "अपने गाँव का मिस्त्री है। साथ रखा तो टेन्शन नहीं।"

पंचाक्षरी हसला. हसून वर म्हणाला की बडे काम का आदमी है, बोलता भी नहीं. मग ते सगळे मिळून गाड्यांच्या मायलेजवर बोलायला लागले.

ग्यानोबानं ऐकलं. दहा पावलांवर होता, न ऐकून काय करील. त्यानं केबलचं टोक बसवलं, नट आवळला, क्लच दाबून बघितला. मग उठून शेतातली माती घेतली आणि बाही घासायला लागला. घासून घासून मनगट लाल झालं, वास काही जाईना. त्याला किळस आली ती बाहीची नव्हे. बाही धुता येते. त्याला स्वतःचीच किळस आली. एवढी वर्षं तो दुकानात येईल त्या गिऱ्हाइकाला सांगत होता, श्रीपाद डॉक्टर आपला दोस्त हाय, पंचाक्षरी सर आपला दोस्त हाय. गिऱ्हाइकं मनात काय म्हणत असतील? रडू येईल असं वाटलं, आलं नाही. टपरीवर जाऊन त्यानं हात धुवायला पाणी मागितलं. श्रीपादनं नाकाला रुमाल लावून त्याला जरा लांब बसायला सांगितलं.

काशीला पोचले. निघताना लताकाकूंनी बजावलं होतं की काशीला गेलं म्हणजे गंगेत उभं राहून आवडीची एक वस्तू सोडून यायची असते, जन्मभर पुन्हा तिला हात लावायचा नाही. काकूंच्या आईनं आंबा सोडला होता, मरेपर्यंत खाल्ला नाही. तर हे दोघे दिवटे गुडघाभर पाण्यात उभे राहून काय सोडतात? श्रीपादनं दोडका सोडला. दोडका त्याच्या वाट्याला आला तर शाळेतसुद्धा तो ग्यानोबाच्या भाकरीवर लोटून द्यायचा. पंचाक्षरीनं मुळा सोडला, आणि काठावर येऊन आधी तंबाखूची पुडी फोडली. गंगेला फसवून आल्याचा दोघांना काय तो आनंद! एकमेकांना टाळ्या दिल्या. मी तिथं असतो तर दोघांना तसंच आत ढकललं असतं.

ग्यानोबा कमरेइतक्या पाण्यात गेला. थंडीनं दात वाजत होते. बराच वेळ उभा राहिला, मग तीन बुड्या मारल्या आणि वर आला.

काय सोडलं म्हणून दोघांनी विचारलं, तर म्हणाला, सोडलं एक.

मग परतीच्या वाटेवर त्यांना हाच खेळ झाला. अयोध्येला ग्यानोबानं चहा घेतला, म्हणजे चहा सोडला नाही. लखनौला वांगं खाल्लं, म्हणजे वांगं नाही. कानपूरच्या पुढं मिरची खाल्ली, झाशीला पेरू खाल्ला. मग ह्यानं सोडलं तरी काय? दोघं हसून हसून बेजार. एक गोष्ट मात्र दोघांच्या ध्यानात आली नाही. काशीपासून ग्यानोबानं श्रीपादला 'शिऱ्या' म्हटलं नव्हतं. 'डॉक्टरसाहेब' म्हणत होता. पंचाक्षरीला 'सर'. सकाळी ते दोघं उठायच्या आत गाड्या तयार असायच्या, पूर्वीसारख्याच. माणसाला परमुलखात टाकून जाणं त्याच्या रक्तात नव्हतं. फक्त जेवताना तो वेगळ्या बाकड्यावर बसायचा. तेही त्यांना खटकलं नाही. बरंच वाटलं असणार.

परतल्यावर आठ दिवसांनी नांदेडला श्रीपादच्या बंगल्यात मावंदं होतं. काशीहून आणलेल्या गंगेची पूजा करायची आणि मग जेवणावळ. पंचाक्षरी लातूरहून सहकुटुंब आला. ग्यानोबा बुलेटवर एकटा आला. उज्वला म्हणाली, मी न्हाई येत. लताकाकूंनी तिघांचे पाट ओळीनं मांडले होते, पूर्वीच्या डब्यासारखे. पुरणपोळी वाढून झाली, आणि त्या तुपाचं भांडं घेऊन समोर आल्या. कुणी काय सोडलं म्हणून विचारलं. श्रीपाद दोडका म्हणाला. पंचाक्षरी मुळा म्हणाला.

ग्यानोबाची पाळी यायच्या आत श्रीपादला आठवलं. गाडी सकाळपासून सुरू होत नव्हती, आणि संध्याकाळी त्याला ती क्लबातल्या मंडळींना दाखवायची होती. "ग्यान्या, जरा बघ रे," तो म्हणाला. "पान वाढलेलंच आहे, दहा मिनिटांचं काम."

"डॉक्टरसाहेब, टेंपोत घालून मुखेडला पाठवा," ग्यानोबा म्हणाला. "दुकान नऊला उघडतं. लायनीत लावू."

श्रीपाद हसला. त्याला वाटलं गंमत चाललीय. पण काकूंचा हात थांबला. हा याला डॉक्टरसाहेब कधीपासून म्हणायला लागला, असं त्यांनी विचारलं.

"काशीपासून," ग्यानोबा म्हणाला. आवाज चढला नव्हता. "काकू, तुम्ही म्हणला होता, आवडीची वस्तू सोडायची. मला खाण्यापिण्यातलं कशाचंच येड न्हाई. ह्या दोघांची दोस्ती लई आवडायची. तीच सोडली. आता हात लावता येत न्हाई."

पंचाक्षरीनं तोंडाजवळ नेलेला घास परत पानात ठेवला. श्रीपाद काहीतरी बोलायला गेला, अरे, आम्ही कुठं, असं काहीसं. हंडियाची टपरी त्याला आठवली की नाही, देव जाणे. काकूंनी ग्यानोबाच्या पोळीवर तुपाची धार धरली, चांगली दोनदा, आणि भांडं तसंच हातात ठेवून लेकाकडं वळल्या.

"आणि तू दोडका सोडून आलास," त्या म्हणाल्या.

त्याच्या पानावर त्यांनी तूप वाढलं नाही. ग्यानोबानं पोळी संपवली, भात घेतला, ताकसुद्धा घेतलं. काकूंच्या हातचं त्यानं सोडलं नव्हतं. मग हात धुऊन काकूंच्या पाया पडला, बाहेर येऊन बुलेटला किक मारली आणि मुखेडच्या रस्त्याला लागला.