प्लगांच्या जागी चिंध्या

ती घटना आठवली की आजही माझं डोकं तापतं. वडील हवाई दलात होते. निवृत्तीनंतर ते लखनौतच राहिले आणि मी तिथल्या पोलीस दलात भरती झालो. खून, दरोडे, अपहरणं सगळं हाताळलं. पण मला सर्वांत जास्त वैताग दिला तो एका सीएनजी ट्रकच्या स्पार्क प्लगांनी. तेव्हा मी आलमबागेच्या पुढच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो.

एका माणसाचा फरशा पोचवणारा छोटा ट्रक होता. आवारात उभ्या केलेल्या त्या ट्रकचे प्लग आणि त्यांच्यावरच्या इग्निशन कॉइल गायब व्हायच्या. मालक नव्या बसवायचा, थोड्याच दिवसांत पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तो तक्रार घेऊन आला तेव्हा सोबत एक स्थानिक पुढारी होता.

"इन्स्पेक्टर साहब, आपके इलाके में चोर मौज कर रहे हैं," पुढारी म्हणाला. तासाभरात वरिष्ठांचाही फोन आला. आधीच बंदोबस्त, मोर्चे, मंत्र्यांचे दौरे, आणि त्यात हे प्लग!

खबऱ्याला कामाला लावलं. जुन्या सुट्या भागांचा बाजार पालथा घालून तो परतला. "साहब, माल बाज़ार में आया ही नहीं. ये चोर बेचता नहीं है."

मी त्याच्यावरच खेकसलो. विकायचे नसतील तर प्लग चोरतो कोण?

शेवटी पंचनाम्याला स्वतः गेलो. बॅटरी जागेवर होती, स्टेपनी जागेवर होती. त्या ट्रकचं इंजिन ड्रायव्हरच्या सीटखाली असतं, म्हणजे केबिन उघडल्याशिवाय हात पोचत नाही. पण कुलूप शाबूत होतं. सीट उचलून पाहिलं. प्लग काढलेल्या प्रत्येक भोकात स्वच्छ चिंधी नीट कोंबलेली होती, आत धूळ जाऊ नये म्हणून. इंजिनाची इतकी काळजी घेणारा चोर मी पाहिला नव्हता. मालकाला विचारलं, किल्ल्या कुणाकडे असतात? एक त्याच्याकडे, दुसरी ड्रायव्हरकडे.

ड्रायव्हर बाराबंकीकडचा, पन्नाशीचा, अंगाने काटक. त्याला चौकशीसाठी आणलं. काहीही विचारा, उत्तर एकच: "हमें नहीं मालूम, साहब." शिपाई आवाज चढवू लागला, त्याला मी गप्प केलं. चहा दिला, तो प्यायला आणि पुन्हा तेच. माझा संयम संपत आला होता. तेवढ्यात लक्षात आलं, उत्तर देण्याआधी हा दर वेळी दाराकडे पाहतो. दाराबाहेर बाकावर मालक बसला होता, कानाला फोन लावून. मी मालकाला घरी पाठवलं.

तो गेल्यावर ड्रायव्हर पहिल्यांदा स्वतःहून बोलला. "साहब, गाड़ी वहीं खड़ी है न?"

"चोरी का इल्ज़ाम तुम पर है और तुम्हें गाड़ी की पड़ी है?" मी ओरडलोच.

दारातला शिपाई म्हणाला, "गाड़ी तो निकल गई, सर. नए प्लग डलवा लिए. दूसरा ड्राइवर ले गया, माल भरकर, आलमबाग की तरफ़."

म्हणजे माझ्याच ठाण्याच्या बाकावर बसून मालक फोनवर ही व्यवस्था करत होता. ड्रायव्हर ताडकन उठला. "रुकवाइए साहब! उसमें ब्रेक नहीं है!"

मी वायरलेसवर नंबर दिला. आलमबागेच्या चौकातल्या पोलिसाने पुलाच्या पायथ्याशी थांबलेल्या ई-रिक्षा कशाबशा हटवल्या, तोच तो ट्रक पुलावरून खाली आला. नव्या ड्रायव्हरने तो दुभाजकाला घासत घासत थांबवला. त्याचं मनगट मोडलं, फरशांचा चुरा झाला. जीव मात्र कुणाचा गेला नाही.

मग जबाब झाला. ब्रेक लागत नाहीत म्हणून ड्रायव्हर मालकाच्या मागे लागला होता. मालक म्हणायचा, "गियर में रोक लिया करो." नोकरी सोडली तर दुसरा कुणी त्याच गाडीवर बसणार. म्हणून हा प्लग काढून घरी नेत होता. गाडी चालूच झाली नाही तर मालक कंटाळून ती गॅरेजला नेईल आणि तिथे ब्रेकही बघितले जातील, असा त्याचा हिशेब. मालकाने मिस्त्रीलाच आवारात बोलावून दर वेळी फक्त नवे प्लग आणि कॉइल बसवून घेतल्या.

"थाने क्यों नहीं आए?" मी विचारलं.

"आया था, साहब. मुंशीजी ने कहा, ब्रेक मिस्त्री का काम है, पुलिस का नहीं."

मी मुंशीला, म्हणजे आमच्या ठाण्याच्या कारकुनाला, बोलावलं. तो डोकं खाजवत म्हणाला, "हाँ सर, आया तो था कोई." त्याच्यावर किती चिडावं तेच मला कळेना.

मालकावर गुन्हा दाखल केला. अटकेच्या कागदांवर सही करताना त्याने विचारलं, "साहब, वो पुराने प्लग तो मिल जाएँगे न?"

ड्रायव्हरच्या घरी ते सगळे प्लग तेल लावून, कागदात गुंडाळून ठेवलेले सापडले. चोरीचा हेतू नव्हता, असा अहवाल मी कोर्टात दिला आणि तो सुटला. पण गाडी बिघडवणारा म्हणून त्या भागात त्याला कुणी ट्रक दिला नाही. तो गावी निघून गेला.

या प्रकरणाने मला एवढं शिकवलं, की ठाण्यात खोटं बोलणाऱ्यावर आम्ही दिवसच्या दिवस घालवतो आणि खरं सांगायला आलेल्याला दारातूनच परत पाठवतो. मुंशीला मी बजावलं, "हे आपलं काम नाही" असं म्हणण्याआधी माणसाला बसवायचं आणि त्याचं पूर्ण ऐकून घ्यायचं. माझी बदली होईपर्यंत ते पाळलं गेलं. पुढचं मला माहीत नाही, आणि विचारायची हिंमतही होत नाही.