साहेबांच्या चेहऱ्यासाठी शब्द

चार जुने सहकारी भेटले की पहिला चहा तब्येतीच्या चौकशीत जातो. दुसऱ्या चहाला कुणीतरी म्हणतो, "अरे, ते आठवतंय का?" मग काही खरं नाही! आमच्याकडे असे जितके किस्से साठलेत, त्यातले निम्मे एकाच माणसाच्या चेहऱ्याचे आहेत. सरदेसाईसाहेबांच्या.

साठच्या दशकाची सुरुवात. बंगलोरच्या एका सरकारी कारखान्यात, ड्रॉइंग ऑफिसात, आम्ही काही मराठी मंडळी होतो. साहेब आमचे प्रमुख. कामात चोख, मनाने सरळ, आवाज चढवलेला मी कधी ऐकला नाही. पण चेहरा असा, की समोर उभं राहिलं की न केलेल्या चुकाही आठवायच्या.

आमच्यातला जोशी शब्दांचा शौकीन. त्याचं टेबल दाराशी, त्यामुळे सकाळी साहेबांचं पहिलं दर्शन त्याला. मग तो आम्हाला दिवसाचा शब्द सांगायचा. "गंभीर" म्हणजे रजा मागायला हरकत नाही. "करडा" म्हणजे कामापुरतं बोला. "रूक्ष" म्हणजे उत्तर एका शब्दात मिळेल, आणि तो शब्द "नाही" असेल. "उग्र" म्हणजे मागच्या जिन्याने जा!

एकदा आमचं नवं मशीन दिल्लीने नामंजूर केलं. त्या सकाळी जोशी नुसता खुर्चीत बसला आणि म्हणाला, "भकास." दिवसभर आम्ही पेन्सिलीसुद्धा हळू ठेवल्या.

*

जोशी रजेवर असला की हे खातं निपाणीच्या कुलकर्ण्यांकडे. त्यांना सगळे अण्णा म्हणत. निम्मं आयुष्य बंगलोरात गेलेलं, त्यामुळे बोलण्यात कन्नड मिसळलेलं.

"काय अण्णा, आज काय?"

"उग्र. पण स्वल्पच!"

"स्वल्प उग्र म्हणजे आत जायचं की नाही?"

"जा की! फक्त दार उघडं ठेव."

*

पुण्याहून आपटे नावाचा मुलगा नवीन लागला. त्याला शब्दांची पद्धत कुणी सांगितली नव्हती. पहिल्याच दिवशी तो साहेबांच्या खोलीत गेला, त्यांच्याकडे पाहिलं आणि हात जोडून म्हणाला, "सर, झालं ते फार वाईट झालं."

साहेब दचकले. "काय झालं? कोण गेलं?"

"ते माहीत नाही सर. पण तुमच्याकडे बघून..."

"आपटे," साहेब शांतपणे म्हणाले, "तो माझा चेहरा आहे."

*

एकदा आम्ही सगळे सहकुटुंब देवनहळ्ळीच्या किल्ल्यावर सहलीला गेलो. फोटोग्राफर तिथलाच. त्याने सगळ्यांना ओळीत उभं केलं, काळ्या कापडात डोकं घातलं, बाहेर काढलं आणि साहेबांना म्हणाला, "सार, स्वल्प नगी!"

साहेबांनी कन्नडमध्येच काहीतरी उत्तर दिलं. फोटोग्राफर बिचारा पुन्हा कापडात शिरला.

"काय म्हणाले?" मी अण्णांना विचारलं.

"हसतोच आहे, म्हणतात!"

तो फोटो माझ्याकडे अजून आहे. त्यात सगळे कॅमेऱ्याकडे बघताहेत, जोशी तेवढा उजवीकडे बघतोय. उजवीकडे साहेबांची मुलगी सुमती उभी आहे.

*

त्या सहलीपासून जोशी कामातून गेला. सुमतीलाही तो आवडला होता. अडचण एकच, साहेबांना विचारायचं कसं? जोशीने ठरवलं, चेहरा "गंभीर" असेल त्या दिवशी विचारायचं.

पण आता त्याला "गंभीर" दिसेचना! आम्हाला साहेब बरे दिसायचे, जोशीला मात्र रोज नवा शब्द सुचायचा. कठोर. निष्ठुर. एकदा तर "निर्दय"!

"अरे, आज चेहरा चांगला आहे, जा," अण्णा म्हणायचे.

"तुम्हाला सासरा करून घ्यायचा नाहीये, अण्णा. म्हणून चांगला दिसतो!"

शेवटी सुमतीच त्याला म्हणाली, "तुम्ही शब्द शोधत बसा. दिवाळीनंतर पुण्याचे लोक मला बघायला येताहेत." आम्हाला जोशीची फार दया आली. हसूही आलं, खोटं कशाला बोलू?

*

गणेशोत्सवात आमच्या मंडळाचं नाटक होतं. दिग्दर्शक अण्णा. नाटकात मुलीचा कडक बाप होता, आणि त्या कामासाठी दुसरा माणूस शोधण्यात अर्थच नव्हता. अण्णांनी साहेबांना विचारलं. साहेब म्हणाले, "बरं." बापाकडे मुलीला मागणी घालणारा तरुण म्हणून अण्णांनी मुद्दामच जोशीला घेतलं. प्रॉम्प्टिंगला सुमती.

तालमीत अण्णा सांगायचे, "साहेब, इथे जरा उग्र." साहेब करायचे. "आता खिन्न." साहेब तेही करायचे.

अण्णा हळूच मला म्हणाले, "काही फरक दिसतो का रे?"

"मला दिसतो," जोशी मागून म्हणाला. "दोन्ही वेळा पळून जावंसं वाटतं!"

*

नाटकाच्या दिवशी हॉल भरलेला. तिसरा अंक. जोशीने बापासमोर उभं राहून म्हणायचं होतं, "मला तुमच्या मालतीशी लग्न करायचं आहे." त्यावर साहेबांनी ओरडायचं होतं, "चालता हो!" आणि जोशीने निघून जायचं.

जोशी पुढे आला. त्याने डोळे मिटले आणि म्हणाला, "मला तुमच्या सुमतीशी लग्न करायचं आहे!"

विंगेत सुमतीच्या हातातून नाटकाची प्रत खाली पडली. अण्णा दुसऱ्या विंगेतून जिवाच्या आकांताने कुजबुजत होते, "चालता हो! साहेब, चालता हो!"

साहेबांनी विंगेकडे पाहिलं. मग जोशीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. पहिल्या रांगेत आम्ही सगळे त्या चेहऱ्याला शब्द शोधत होतो आणि एकालाही तो सापडत नव्हता.

"जोशी," साहेब म्हणाले, "रविवारी आईवडिलांना घेऊन घरी या."

मग त्यांना नाटक आठवलं.

"आणि आता चालता हो!"