चौदा घरांतला बिगोनिया

माझी मावशी चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायची. एकतीस वर्षं घासली. समोरच्याच्या नाकावर चष्मा जरासा तिरका बसला असेल तर तिला पुढे बोलणं सुचत नसे, आधी दोन बोटांनी तो सरळ करायची, मग विचारायची, "हं, काय म्हणत होतास?" अशा बाईकडे माझ्या आईचं झाड गेलं, हे बरंच झालं.

झाड म्हणजे बिगोनिया. बांबूसारख्या पेरांचा, पानावर चंदेरी ठिपके, आणि पान उलटं केलं की खाली लालभडक. नवखा माणूस हमखास विचारायचा, "कीड लागलीय का हो?" मावशी त्याला डोळे तपासून घ्यायला सांगायची.

आई गेली तेव्हा तिच्या खिडकीतल्या कुंडीतून मावशीने एक फांदी कापून नेली. त्याला तेवीस वर्षं झाली. हा बिगोनिया मोकाट सोडला तर नुसता उंच होतो, खालून उघडाबोडका पडतो आणि एक दिवस स्वतःच्याच वजनाने मोडतो. म्हणून मावशी दर वर्षी तो दोन पेरांवर छाटायची, छाटलेल्या फांद्या पाण्याच्या बाटलीत ठेवायची आणि मुळं फुटली की लोकांना वाटायची. व्याख्यानासकट. ऊन कोवळंच हवं, पानं भिजवायची नाहीत, मातीत बोट खुपसून कोरडं लागलं तरच पाणी. शेवटी ठरलेलं वाक्य: "माझ्याकडचं गेलं तर तुमच्याकडून आणीन. ताईचं झाड आहे, संपता कामा नये." अशी चौदा घरं तिला तोंडपाठ होती.

यंदा गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी ती तीन आठवडे दवाखान्यात राहिली. घरी एकटे काका. काकांची उभी हयात पाणीपुरवठ्यात गेली. तक्रार आली की त्या भागाला जास्त पाणी सोडायचं, एवढा एकच उपाय त्यांना ठाऊक. झाडाचं एक पान पिवळं पडलं, ही त्यांच्या हिशेबी तक्रार. त्यांनी रोज दोन वेळा पाणी घातलं. आणखी पानं गळली, तसं दुपारीही घातलं, शिवाय झाडाला रोज आंघोळ. मावशी वॉकर धरून घरात आली तेव्हा खोड बुंध्याशी काळं पडलं होतं. तिने बोट लावलं तर ते आत गेलं. शेंड्यापर्यंत एक पेर धड उरलं नव्हतं.

"अगं, एक दिवस चुकवला नाही मी," काका म्हणाले. बिचाऱ्यांनी खरंच चुकवला नव्हता.

मावशी माझ्याकडे वळली. मला म्हणाली, "माझा फोन दे. चौदा घरं आहेत."

तिने स्पीकर लावून एकेकाला फोन केला. औषधवाल्याने झाड गच्चीवर रणरणत्या उन्हात ठेवलं होतं. दुकानाच्या मालकाच्या सुनेने ठिपके म्हणजे रोग समजून ते फेकून दिलं होतं. शेजारीण म्हणाली, "अय्या, ते होय? ते केव्हाच गेलं!" आणि हसली. शाळेतल्या बाई तर म्हणाल्या, "एवढं काय त्यात? नर्सरीत ढिगाने मिळतात." माझ्या अंगाचा तिळपापड होत होता. एवढ्या विश्वासाने दिलेलं झाड यांना सांभाळता येऊ नये? पण यादी जसजशी संपत आली तसतशी मी उरलेली घरं मनात मोजायला लागले.

तेरा घरं झाली. मावशीने फोन खाली ठेवला आणि माझ्याकडे बघून चक्क हसली.

"चला, तुझं आहे. उद्या एक फांदी आण, दोन पेरांची पुरे."

माझ्या कुंडीत दोन वर्षांपासून घराच्या चाव्या असतात. झाड वाळलं ते मला आठवड्याने कळलं होतं. मावशी अधूनमधून विचारायची, "तुझं कसं आहे गं?" आणि मी म्हणायची, "मस्त!" खरं सांगायची लाज वाटली, आणि एकदा मस्त म्हटल्यावर दर वेळी मस्तच म्हणावं लागलं.

"आणते," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नर्सरीत गेले, तसाच दिसणारा बिगोनिया घेतला, दोन पेरांची फांदी कापली आणि ओल्या कागदात गुंडाळून मावशीच्या हातात दिली. कुणालाही फरक कळला नसता. मावशीने पान डोळ्यांजवळ नेलं, उलटं केलं, सुलटं केलं. एकतीस वर्षं भिंगं घासलेली बाई ती.

"तुझं कधी गेलं?" तिने विचारलं.

"दोन वर्षं झाली."

ती रागावली असती तर मी पाय धरले असते. पण तिने फांदी पुन्हा त्या कागदात नीट गुंडाळली आणि माझ्या मांडीवर ठेवली.

"माझ्याकडे आधी दोन कुंड्या असायच्या," ती म्हणाली. "ताईच्या लेकीकडे छान वाढतंय म्हटल्यावर मी दुसरी देऊन टाकली गं."