फ्यूज खिशात

लिफ्टमामांना निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण समोर एखादा बिघाड नसला की त्यांना अजूनही घास गोड लागत नाही. चौतीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करण्यात गेली. निरोपाच्या दिवशी ऑफिसनं शाल दिली आणि अडगळीतला एक कॉम्प्युटर दिला. शाल बायकोनं कपाटात ठेवली. कॉम्प्युटर इतका म्हातारा होता की चालू करून माणसानं आंघोळ उरकून यावी. मग कुणीतरी त्यावर लिनक्स चढवून दिलं. कॉम्प्युटर चालवणारं हे सॉफ्टवेअर फुकटचं, कुणा एकाच्या मालकीचं नाही, आणि वाटेल तेव्हा झाकण उघडून आत काय चाललंय ते बघता येतं. झाकण उघडता येतं म्हटल्यावर मामा खलास. तिथंच त्यांचं आणि लिनक्सचं जमलं ते जमलंच.

तेव्हापासून सकाळी चहा झाला की मामा फोरमवर बसतात. फोरम म्हणजे लिनक्स वापरणाऱ्यांची चावडीच म्हणा. ज्याचं अडलं त्यानं लिहायचं, ज्याला येतं त्यानं सांगायचं. एकमेकांचं तोंड कुणी पाहिलेलं नाही. कुणाचा प्रिंटर रुसलेला, कुणाचा आवाज गेलेला, कुणाचा पडदा काळाठिक्कर. मामा दोन बोटांनी टाइप करत एकेकाला मार्गाला लावतात. तिथली एक रीत आहे. काम झालं की विचारणाऱ्यानं आपल्या प्रश्नाच्या डोक्यावर 'सुटलं' असं लिहायचं. सांगणाऱ्यानं ते लिहायचं नाही, मरेपर्यंत नाही. मामांच्या नावावर असे सव्वीसशे 'सुटलं' आहेत आणि तो आकडा ते भाजीवाल्यालासुद्धा ऐकवतात.

मामांचे स्वतःचे दोन नेम. पहिला, कुठलीही कमांड, म्हणजे कॉम्प्युटरला टाइप करून द्यायचा हुकूम, आधी आपल्या मशिनवर चालवून बघायची, मगच दुसऱ्याला द्यायची. दुसरा नेम म्हणजे खोडच म्हणायची. उत्तर कशाचंही असो, त्यात लिफ्ट घुसवायची. कुणी विचारलं की इंटरनेट मधेच का तुटतं, की मामांनी सातव्या मजल्यावर अडकलेल्या लिफ्टची गोष्ट सुरू केलीच. फोरमवरची टवाळ मंडळी खाली लिहीत, 'आली लिफ्ट, दारातून बाजूला व्हा.' बायको म्हणायची, "अहो, लोकांना उत्तर हवं असतं, तुमचं आत्मचरित्र नको असतं."

तर त्या बुधवारी सकाळी फोरमवर बूटवाली प्रश्न घेऊन आली. ज्यांचा एक पाय आखूड असतो, पाऊल वाकडं असतं, अशांसाठी मापानं बूट बनवणारी बाई. तिच्या कामाच्या टेबलावर जुना लॅपटॉप आणि त्याला कायमची जोडलेली एक काळी डबी, म्हणजे बाहेरून लावायची डिस्क. त्या डबीत अठरा वर्षांची मापं. नऊशे माणसांच्या पावलांच्या आकृत्या, कुणाची टाच किती उचलायची, कुणाला कुठे टोचतं ते सगळं. त्यातली निम्मी पोरं, दर सहा महिन्यांनी वाढणारी. दुसरी प्रत? 'करायचीय, करायचीय' म्हणत राहिलेली.

बूटवालीला लॅपटॉपवर लिनक्सची नवी आवृत्ती चढवायची होती. त्यासाठी आधी ती पेन ड्राइव्हवर उतरवायला हवी. मामांनी नेमाप्रमाणे स्वतःच्या मशिनवर कमांड चालवली, छान चालली, तीच उचलून तिला पाठवली. आता बूटवालीचा स्वभाव असा की ती शिवणीचा एक टाकासुद्धा विचारल्याशिवाय घालायची नाही. हा शब्द कशाला? तो आकडा कसला? पेन ड्राइव्ह आधी लावू की नंतर? मामांनी सात शंकांना उत्तरं दिली. आठवी आली तेव्हा बायको पायात चपला घालून दारात उभी होती.

"अकराची वेळ आहे दातांची. आज टाळलंत तर दाढ तुम्हाला टाळणार नाही."

मामा वैतागले आणि त्यांनी लिहिलं, 'आता शंका पुरे. आहे तशी उचला, आहे तशी चिकटवा, एंटर दाबा.' आणि निघाले.

दातांच्या डॉक्टरीणबाईंनी सुई टोचली, जबडा बधिर झाला. मशीन उचलणार, तेवढ्यात त्या थांबल्या आणि मदतनीस बाईंना म्हणाल्या, "कार्डावर लिहिलंय मागून दुसरी दाढ. पण हे कार्ड जुनं आहे. मागची एक मी नंतर काढली होती यांची. म्हणजे मोजणी सरकली. थांब, मोजल्याशिवाय मी हात लावणार नाही."

खुर्चीत आडव्या पडलेल्या मामांनी खाडकन डोळे उघडले.

मोजणी! लिनक्स डिस्कना ओळीनं नंबर देतं. आधी जोडलेली पहिली, मग दुसरी, मग तिसरी. मामांच्या मशिनला एकच डिस्क, त्यामुळे पेन ड्राइव्ह दुसरा. कमांडमध्ये तेच होतं, 'दुसऱ्या डिस्कवरचं सगळं पुसून त्यावर नवी आवृत्ती लिही.' पण बूटवालीकडे दुसरी डिस्क म्हणजे ती काळी डबी. पेन ड्राइव्ह तिच्याकडे तिसरा. कमांड स्वतःच्या घरी तपासून पाठवायच्या नादात मामांनी स्वतःच्याच घराचा पत्ता पाठवला होता. आणि ही कमांड काही विचारत नाही, बजावत नाही. एंटर दाबलं की नऊशे पावलं गेली.

मामा ताडकन उठले. "दब्बी," ते बधिर जिभेनं म्हणाले. "दब्बी पुछली."

"काका, चूळ तिकडे भरायची," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मामा गळ्यातल्या कागदी रुमालासकट बाहेर. बायकोला त्यांचं अवाक्षर कळेना, पण बत्तीस वर्षांच्या संसारात हा चेहरा तिनं एकदाच पाहिला होता, मामांच्या हाताखालचा माणूस पडता पडता वाचला त्या दिवशी. तिनं पर्स उचलली. घराच्या इमारतीत लिफ्ट चौथ्या मजल्यावर होती. ती खाली येण्याची वाट न बघता मामा तिसऱ्या मजल्यावरच्या घरापर्यंत जिना चढले. लिफ्टवाला जिना चढला, यावरून काय ते समजा.

फोरम उघडला. बूटवालीच्या प्रश्नाच्या डोक्यावर ठसठशीत शब्द होता : 'सुटलं.'

सव्वीसशे वेळा ज्या शब्दानं मामांचा दिवस सोन्याचा केला, तोच आज त्यांना वाचवेना. कमांड चालली म्हणजे दुसऱ्या डिस्कवर लिहिलं गेलं. बाईला वाटतंय झालं काम, आणि डबी मात्र धुवून निघालेली. तिला अजून पत्तासुद्धा नाही. त्यांनी घाईघाईनं लिहिलं, 'डबीला हात लावू नका. लॅपटॉप बंद करा. माझी चूक झालीय. डबी कुठे आहे?'

उत्तर नाही. दहा मिनिटं, वीस मिनिटं. मामांना डोळ्यांपुढे हातात खिळा आणि पुढ्यात बूट घेऊन बसलेली बाई दिसत होती. आपण शंका पुरे म्हणालो. आठवी शंका होती तरी काय? त्यांनी पडद्यावर वर सरकून ती वाचली. 'मामा, दुसरी डिस्क म्हणजे नेमकी कुठली?' एवढीच होती. मामांनी कपाळावर हात मारून घेतला. बायकोनं पाण्याचा पेला आणला, ते पाणी त्यांच्या बधिर ओठांवरून शर्टावर गेलं.

चाळीस मिनिटांनी बूटवाली आली.

'एका मुलीचं माप घेत होते, मामा. एवढं काय झालं? डबी माझ्या एप्रनच्या खिशात आहे. सकाळपासून.'

मामा वाचतच राहिले. खाली तिनं आणखी लिहिलं होतं.

'दोन वर्षांपूर्वी तुम्ही इथं फोरमवर कुणाला तरी सांगितलं होतं, ते मी वाचलं. तुमचे उस्ताद म्हणायचे, लिफ्टखाली उतरण्याआधी नुसतं बटण बंद करून भागत नाही, फ्यूज काढून स्वतःच्या खिशात घालायचा. वर कुणी येऊन काहीही दाबलं तरी खालचा माणूस जिवंत राहतो. मी तेव्हापासून तसंच करते. कॉम्प्युटरशी काही खटपट करायची असली की आधी डबी काढून खिशात. आजही काढली, मग पेन ड्राइव्ह लावला, तुमची कमांड चालवली. पहिल्या झटक्यात चालली.'

चालणारच. डबी निघाली, मोजणी सरकली, आणि पेन ड्राइव्ह दुसऱ्या नंबरवर आला. डॉक्टरीणबाईंच्या मोजणीत दाढ जशी सरकली होती, तशीच.

त्या उत्तराखाली तेव्हा टवाळांनी किती टर उडवली होती ते मामांना आठवलं. सगळे हसत होते तेव्हा ही बाई गप्प बसून शिकत होती. मामांनी चष्मा काढला.

"रडताय की दाढ दुखतेय?" बायकोनं विचारलं.

"भूल उतरतेय," मामा म्हणाले. मग म्हणाले, "रडतोय गं."

"मग आता त्या बाईला सांगा काय ते. सगळं सांगा."

मामांनी सगळं लिहिलं, सगळ्यांना दिसेल असं. कमांड चुकीची होती, तपासणी आपल्याच घरापुरती होती, तिनं योग्य शंका विचारली आणि आपण तिचं तोंड बंद केलं. एक शब्द लपवला नाही. मग तिला डबीची दुसरी प्रत कशी करायची ते लिहायला घेतलं, आणि या खेपेला आधी विचारलं, 'तुमच्याकडे कुठली डिस्क कितव्या नंबरवर दिसते, ते मला लिहून पाठवा.'

बूटवालीनं यादी पाठवली. खाली लिहिलं, 'मामा, एक शंका होती. विचारू का?'

मामांनी खुर्ची पुढे ओढली आणि दोन बोटांनी टाइप केलं, 'विचारा. शंभर विचारा. दाढेचं उद्या बघू.'